तिसरी रांजणशाळा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळचे राजे आज कोणाच्याही वंशावळीत सापडायचे नाहीत, आणि त्या वेळच्या नद्यांनी मधल्या काळात आपापल्या वाटा बदलल्या आहेत.

तेव्हा डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथल्या तांबटांनी एक नवल घडवलं होतं. बोलका रांजण.

रांजण तांब्याचा होता. त्याच्या तोंडाशी वाकून लोक बोलत गेले आणि तो ऐकत गेला. सुइणींनी बाळंतपणातल्या अडचणी सांगितल्या, विणकरांनी रंगांची मिश्रणं सांगितली, गुराख्यांनी गुरांची दुखणी सांगितली. मग खाली विस्तव पेटवला. रांजण तापला आणि बोलू लागला. ऐकलेलं सगळं एकमेकांशी जुळवून, जो विचारील त्याला तो उत्तर देऊ लागला.

लोकांची मोठी सोय झाली. गाय चारा खाईनाशी झाली की माणूस चौकात यायचा, रांजणाला विचारायचा आणि निश्चिंत होऊन घरी जायचा. ज्याला आपलं दुखणं शेजाऱ्याला सांगायची लाज वाटे, तोही रांजणाशी हळूच बोलून घेई.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागत. बोलू लागला की रांजण भलताच तापायचा. भोवती पाणी खेळतं नसेल तर तांबं तडकायचं. आणि विस्तव पुरता विझला की ऐकलेलं सगळं तो विसरायचा. चौकातल्या लहान रांजणाचं त्यामुळे काही अडत नसे. चार घागरी पाणी आणि मोळीभर लाकडं त्याला पुरत. कधी विझलाच, तर लोक हसत हसत यायचे आणि आपलं पुन्हा बोलायचे.

पण रांजण जितका मोठा, तितकं तो जास्त ऐकून ठेवतो, हे तांबटांच्या ध्यानात आलं. झालं! सगळ्या आळीत हातोड्यांचा दणदणाट सुरू झाला. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठा रांजण घडवायचा होता.

त्या राज्यात हैबती नावाचा एक पाट बांधणारा राहत होता. डोंगरातलं पाणी उतारावरून कुठेही न्यावं, तर ते हैबतीनंच. त्याची थोरली बहीण चांगुणा त्याच्या बरोबरीनं काम करी. दगडमातीचं काम तो बघायचा. कोणाच्या शेतातून पाट न्यायचा, त्या बदल्यात काय द्यायचं, हे लोकांशी बसून ती ठरवायची. तिचा शब्द साऱ्या खोऱ्यात चालायचा.

एकदा तांबट आळीतून परत येताना हैबती वाटेतच थांबला.

"अक्का, एक सुचलंय," तो म्हणाला. "ह्या सगळ्यांत कोणाचा रांजण पुढे जाईल, कोणाला ठाऊक? पण ज्याचा जाईल त्याला विस्तव लागणार, पाणी लागणार, वर छप्पर लागणार. आपण रांजण करायचाच नाही. रांजण जिथं बसेल ती जागा करायची. जिंको कोणीही, येणार आपल्याच दारात."

चांगुणेला ते पटलं. दोघांनी टेकडीखालच्या झऱ्यावर एक लांबट इमारत बांधली. खाली भट्ट्या, मधून पाट, वर हवा खेळती राहावी म्हणून उंच छप्पर. तिला लोक रांजणशाळा म्हणू लागले. तांबटांनी आपले रांजण तिथं आणून बसवले. आसपासच्या गावांतून माणसं प्रश्न घेऊन येऊ लागली. झऱ्याचं पाणी भट्ट्यांना पुरून खाली शेतांनाही जात होतं. त्या दिवसांत हैबती जेवायला वेळेवर घरी यायचा.

मग एके सकाळी धारणशेट आला.

धारणशेट व्यापाऱ्यांचा पुढारी. त्याच्या मागोमाग आणखी काही व्यापारी होते. त्यांनी रांजणशाळा आतून बाहेरून पाहिली. रांजणांना मात्र कोणी काही विचारलं नाही.

"हैबतराव," धारणशेट म्हणाला, "दुसरी कधी बांधताय?"

"ही अजून निम्मी रिकामी आहे, शेट."

"भरेल हो. भरल्यावर बांधायला घ्याल तर उशीर होईल. पैशाची काळजी करू नका, ती आमच्याकडे लागली. खरं सांगू का? मला रांजणातलं ओ की ठो कळत नाही. मला एवढंच कळतं, की बाकीचे सगळे ह्यात उतरलेत आणि आपण काठावर राहिलो तर जन्मभर हळहळत बसू. तुम्ही दुसरी बांधा. आणि लवकर बांधा. खिंडीपलीकडच्या राज्यात सिद्राम नावाचा कोणी आहे, त्यानं म्हणे याच्या दुप्पट मोठी बांधायला घेतलीय."

धारणशेट गेला. पण तो जे बोलून गेला ते हैबतीच्या मनातून जाईना.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ताटावर बसला तरी त्याची नजर खिंडीकडे. पलीकडून कोणी वाटसरू आला की हैबती उठून त्याला गाठायचा. सिद्रामचं काम कुठवर आलं? भिंती किती उंच? माणसं किती? वाटसरू जे पाहिलं ते सांगायचे, आणि ऐकणारा एवढा उतावीळ आहे म्हटल्यावर न पाहिलेलंही सांगायचे. हैबती परत येऊन बसायचा. ताटातलं सगळं गार झालेलं असायचं.

दुसऱ्या रांजणशाळेचा पाया पडला. पहिली अजून अर्धी रिकामीच होती.

"हैबत," चांगुणेनं विचारलं, "इथं येऊन विचारणार कोण? आणि काय विचारणार? ते तरी एकदा गावोगाव फिरून बघूया का?"

"आधी जागा तर होऊ दे, अक्का. जागा झाली की माणसं येतात."

"आपण पाट काढतो तेव्हा आधी शेत बघतो. पाट काढून मग शेत शोधत नाही."

"आत्ता वेळ कुठाय?" हैबती म्हणाला. त्या दिवसांत त्याच्या तोंडी तेवढंच एक वाक्य बसलं होतं.

दुसऱ्या शाळेच्या भिंती छपरापर्यंत आल्या, तेव्हा त्याला अगदीच राहवेना. तो घोड्यावर बसला आणि खिंडीकडे निघाला. आपल्या डोळ्यांनीच बघू म्हणाला. खिंडीच्या तोंडाशी पोचतो, तो समोरून एक धुळीनं माखलेला घोडेस्वार येताना दिसला. डोळे ओढलेले, दाढी वाढलेली. हैबतीला वाटलं, आपण आरशातच बघतोय.

तो सिद्राम होता. तोही हैबतीचं काम बघायला निघाला होता.

दोघं एका झाडाखाली बसले. सिद्रामनं भाकरीचं फडकं सोडलं. दोघांनाही भूक नव्हती.

"तुमची तिसरी सुरू झाली म्हणतात," सिद्राम म्हणाला.

"तिसरी? माझी दुसरीच अजून पुरी व्हायचीय. तिसरी तर तुमची ना?"

"छे हो. माझीही दुसरीच."

क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. किती दिवसांत दोघांपैकी कोणी हसलं नव्हतं.

"म्हणजे तुमच्या धाकानं मी पळतोय आणि माझ्या धाकानं तुम्ही," सिद्राम डोळे पुसत म्हणाला. "मग थांबूया की. वर्षभर थांबू. जे बांधलंय ते आधी भरू."

"थांबूया," हैबती म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण तुम्ही थांबाल हे मी कशावरून धरू?"

"आणि तुम्ही थांबाल हे मी?"

वारा सुटला होता. घोडे पाय आपटत होते.

"तुमच्यामागे व्यापारी असतील," हैबती म्हणाला.

"आहेत. तुमच्यामागेही असतील."

"आहेत."

त्यांनी एकमेकांना रामराम केला आणि आपापल्या वाटेनं परत फिरले. आठवडा उलटायच्या आत दोघांनीही तिसरी रांजणशाळा बांधायला घेतली.

ही तिसरी शाळा राज्यात सगळ्यांत मोठी व्हायची होती. तिच्यात एकच रांजण बसणार होता, पण देवळाच्या गाभाऱ्याएवढा. त्याला झरा कुठून पुरणार? नदीच अडवावी लागणार होती. आणि नदीच्या खालच्या अंगाला एक गाव होतं. विणकर, कुंभार, गुराखी, भाजी पिकवणारे असं नांदतं गाव. त्या गावाचा कारभार भिवरा नावाची बाई बघत असे.

चांगुणा भिवरेकडे गेली. हैबतीही बरोबर होता.

"बंधाऱ्याच्या पोटात एक मोरी ठेवू," चांगुणा म्हणाली. "तिला लाकडी दार राहील. उन्हाळा असो, काही असो, ते दार उघडं राहील. तुमच्या वाटणीचं पाणी तुम्हाला मिळेल."

भिवरेनं हैबतीकडे पाहिलं. "दादा, तुम्ही काय म्हणता?"

"अक्कानं सांगितलं तेच. माझाही शब्द समजा."

"बरं तर," भिवरा म्हणाली. "तुमच्या रांजणाला आमचंही काही सांगायला आम्ही येऊ. माझ्या सासूबाईंना रानातल्या मुळ्यांची फार माहिती आहे. त्या थकल्यात. त्यांच्याबरोबर ते जायला नको."

गावकरी खरोखरच आले. रांजण बसला, विस्तव पेटला, तेव्हा पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त बोललं ते खालचं गावच.

उद्घाटनाला राजा आला. झेंडे लागले, वाजंत्री वाजली. राजानं रांजणाच्या तोंडाशी जाऊन विचारलं, "माझं राज्य किती वर्षं टिकेल?"

रांजण गंभीर आवाजात म्हणाला, "लोकांनी मला जे सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. हे मला कोणी सांगितलेलं नाही."

धारणशेट घाईघाईनं पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, याच्याहून मोठा केला की तेही सांगेल." राजा खूश झाला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. चांगुणा मात्र तिथून उठून गेली.

मग उन्हाळा आला. त्या वर्षी तो जरा कडकच होता. नदी बारीक झाली, बंधाऱ्यातलं पाणी रोज खाली खाली जाऊ लागलं. एवढ्या अजस्र रांजणाला पाणी तसंच लागत होतं. कमी पडलं तर तांबं तडकणार. विस्तव काढावा तर महिनोन्‌महिने ऐकलेलं सगळं जाणार, आणि व्यापारी दुसऱ्या दिवशी सिद्रामकडे.

"मोरीचं दार लावा," धारणशेट म्हणाला. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न. सिद्रामचा रांजण एक दिवसही थांबलेला नाही."

हैबती बंधाऱ्यावर गेला. मोरीतून एक निमुळती धार खाली निघाली होती, खालच्या गावाकडे. तो बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. दार लावायला सांगताना त्यानं मजुरांकडे पाहिलं नाही.

चांगुणा धावतच आली. "हैबत, दार उघड."

"अक्का, थोडेच दिवस."

"मी त्या बाईच्या ओसरीवर बसून शब्द दिलाय."

"मग मी काय करू? रांजण तडकू देऊ? सगळं घालवू? तू व्यापाऱ्यांना तोंड देतेस का?"

"त्यांना तोंड देता येईल रे," चांगुणा म्हणाली. "भिवरेला कसं देऊ ते सांग."

चांगुणेनं आपलं फावडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि ती खालच्या गावाच्या वाटेनं चालू लागली. ती मागे वळेल असं त्याला वाटलं. ती वळली नाही.

काही दिवसांनी भिवरा आली. तिनं आरडाओरडा केला नाही.

"विहिरी आटल्या, दादा. गुरं हंबरतायत. कधी सोडणार पाणी?"

"लवकरच. थोडी कळ काढा."

"कळ काढायला आमची ना नाही. पण गुरांना कळ काढा म्हणून कसं सांगायचं?"

ती गेली. आणि पुढच्या अमावास्येच्या आत खालच्या गावानं गाव सोडलं.

हैबतीनं बंधाऱ्यावरून ते पाहिलं. विणकरांचे माग सुटे करून गाड्यांवर चढवले होते. कुंभारांची चाकं होती. म्हाताऱ्यांना डोलीत घेतलं होतं. धूळ उठत उठत डोंगराच्या वळणाशी गेली आणि खाली बसली. त्या क्षणी हैबतीला काय वाटलं असेल? त्याला हायसं वाटलं. चला, आता पाण्याची तक्रार नाही. आणि असं वाटल्याचं कळताच त्याच्या तोंडाला कोरड पडली.

पाणी आता भरपूर होतं. विस्तव नीट होता. तांबं लखलखत होतं. पण शाळेच्या दारात उभं राहायला कोणी येईना.

आधी त्याला वाटलं, उन्हाळ्यामुळे असेल. पण लाकडं आणणारे खालच्या गावचे होते, ते गेले. भाजी येईना म्हणून बाजार ओसरला. बाजार ओसरला म्हणून वाटसरू दुसऱ्या वाटेनं जाऊ लागले. आजूबाजूच्या वस्त्यांनी खालच्या गावाचं काय झालं ते ऐकलं होतं. तिथली माणसं रांजणशाळेकडे फिरकतच नव्हती.

धारणशेट एकदा आला आणि दारातूनच बोलला.

"हैबतराव, आमची मंडळी आता दक्षिणेकडे निघालीत. तिथं कोणी वाऱ्यावर फिरणारी, पीठ दळायची जाती काढलीत म्हणे."

"शेट, तुम्हीच तर म्हणालात, मोठी बांधा!"

"म्हणालो ना. सगळे येत होते म्हणून आम्ही आलो. आता सगळे निघालेत." त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. तो घोड्यावर बसला, आणि घोडा चालू लागायच्या आतच तो पुढच्या रस्त्याकडे बघू लागला.

हैबती आत गेला. एवढ्या मोठ्या शाळेत तो आणि रांजण, दोघंच. इतक्या दिवसांत त्यानं रांजणाला कधी काही विचारलं नव्हतं. आज तो तोंडाशी वाकला. पण तो काही बोलायच्या आत रांजणच बोलला.

"बरं झालं कोणी आलं. मला एक विचारायचं होतं. खालच्या गावची एक आजी मला मुळ्यांविषयी सांगत होती. निम्मंच सांगून झालं होतं. उरलेलं उद्या सांगते म्हणाली. ती आली नाही. खाली अजून कोणी राहतं का?"

हैबती तांब्याला हात लावून उभा राहिला. हात पोळला, तरी त्यानं तो काढला नाही.

मग तो भट्टीपाशी गेला आणि स्वतःच्या हातानं लाकडं बाहेर ओढू लागला. विस्तव विझत गेला. रांजणाचा आवाज आधी खोल गेला, मग घुटमळला, मग थांबला. शेवटी नुसतं तांबं उरलं.

हैबती बंधाऱ्यावर गेला आणि त्यानं मोरीचं दार उघडलं. पाणी उसळत खाली गेलं, उघड्या दारांवरून, विझलेल्या चुलींवरून, सुकलेल्या वाफ्यांतून वाहत गेलं. ते प्यायला तिथं एक वासरूसुद्धा नव्हतं.

तो चालत निघाला. विचारत विचारत, डोंगराच्या पल्याड एका तळ्याकाठी पोचला. तिथं नवी वस्ती उभी राहत होती. चांगुणा कमरेएवढ्या चरात उभी राहून माती उपसत होती. तिनं त्याला पाहिलं आणि काम चालूच ठेवलं.

भिवरा समोर आली.

"पाणी सोडलंय," हैबती म्हणाला. "दार आता कधी लागणार नाही. परत चला."

"आता कसं येणार, दादा? इथं पेरून झालंय. घरं शाकारलीत." तिनं पदराला हात पुसले. "आणि सासूबाई वाटेतच गेल्या."

हैबती चराच्या कडेला बसला. त्याला कोणी उठवलं नाही, हाकललंही नाही. बऱ्याच वेळानं चांगुणेनं एक टोपलं त्याच्या बाजूला सरकवलं. तो उठला आणि माती वाहू लागला.

खालचं गाव पुन्हा वसलं नाही. तिसऱ्या रांजणशाळेत वटवाघळं राहायला आली. हैबतीनं विस्तव विझवल्याचं सिद्रामला कळलं तेव्हा त्यानंही आपलं काम थांबवलं, पण तोवर त्याच्या खोऱ्यातलीही माणसं उठून गेली होती.

पुढे कितीतरी दिवसांनी, तळ्याकाठच्या वस्तीत बोलणं निघालं, की एक लहानसा रांजण इथं असता तर बरं झालं असतं. सगळ्यांनी हैबतीकडे पाहिलं. पूर्वीचा हैबती असता तर त्यानं लगेच पाया आखला असता. ह्या हैबतीनं हातातलं फावडं खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला त्याला काय काय विचारायचंय? आणि तळ्यातलं किती पाणी तुम्ही त्याच्यासाठी सोडू शकाल?"

लोक बोलू लागले. एकाचं झालं की दुसरा, दुसऱ्याचं झालं की तिसरा. ऊन कलेपर्यंत ते बोलत होते. हैबती ऐकत होता, आणि त्याला कुठंही जायची घाई नव्हती.

बोध: ज्यांच्यासाठी उभारायचं त्यांनाच विचारायला ज्याला सवड नसते, त्याचं बांधकाम आभाळाला टेकलं तरी रिकामंच राहतं.